हातवारे करू नयेत

कोर्टाच्या दारातल्या शिपायाने सगळ्यात आधी मावशीच्या छातीवरचा बिल्ला काढायला लावला. बिल्ल्यावर तिच्या लेकीचा फोटो होता. गिरणीतल्या बायकांनी वर्गणी काढून असे पुष्कळ बिल्ले करून घेतले होते. पहिल्या महिन्यात ते सगळ्यांच्या छातीवर होते, आता मावशीच्या एकटीच्याच छातीवर होता.

"आत चालत नाही बाई हे," शिपाई म्हणाला.

"फोटोच तर आहे. तो काय बोलणार आहे?"

"न बोलता सांगतं ना सगळं. साक्षीदार बघतात, गोंधळतात. जाताना परत मिळेल." शिपायाने बिल्ला मोबाइलच्या ट्रेमध्ये ठेवला, पालथा न ठेवता नीट सुलटा ठेवला. माणूस वाईट नव्हता. नियम सांगून सांगून त्याचा आवाज तेवढा सपाट झाला होता.

मावशी ही कुणा एकाची मावशी नव्हती. कापडगिरणीच्या विणकाम खात्यात तिची उमर गेली होती आणि अख्खं खातं तिला मावशी म्हणत होतं. आपणही तेच म्हणू. तिच्याबरोबर तिचा धाकटा दीर होता, घरं रंगवायचं काम करणारा. कोर्टात जायचं म्हणून त्याने नवे बूट घातले होते आणि ते पावलागणिक चुंई चुंई करत होते.

"भावोजी, काढा ते," मावशी म्हणाली.

"वहिनी, अनवाणी बसू? न्यायाधीशासमोर?"

"मग हलू नका."

भिंतीवर फळा होता. न्यायाधीश आले की उभं राहावं. मोबाइल बंद ठेवावा. खाऊ-पिऊ नये. आपसात बोलू नये. रडू आवरत नसेल तर बाहेर जावं. आणि सगळ्यात खाली, जरा जाड अक्षरात: साक्षीदाराकडे पाहून मान हलवू नये, हातवारे करू नयेत. शिपायाने त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मावशीकडे बघून म्हणाला, "एवढं सांभाळा. बाकीचं मी बघून घेईन. पण याला माफी नाही. थेट बाहेर."

"मी काय लहान आहे का?" मावशी फणकारली. पण मनातून ती चरकलीच. कारण हात ही तिची जीभच होती.

हे जरा समजावून सांगायला पाहिजे. विणकाम खात्यात माग सुरू झाले की शेजारच्या माणसाची बोंबसुद्धा ऐकू येत नाही. तिथे माणसं ओठांवरून बोलणं वाचतात आणि हातांनी बोलतात. मिशी पिळल्यासारखी बोटं फिरवली की मुकादम. कानाची पाळी ओढली की, गप्प, तो बघतोय. मूठ वळून छातीपासून पुढे ढकलली की, सोड माग, चालू दे. माग सुरू करायचा दांडा तसाच ढकलावा लागतो ना, त्यावरून. या खुणा कुणी शिकवत नाही, आठवड्याभरात अंगात भिनतात. घरी पाहुण्यांसमोरसुद्धा मावशी बोलताना हात नाचवायची आणि लेक तिचे हात धरून म्हणायची, "आई, माग बंद आहे गं!" आणि खात्यात कुणाशी भांडण झालं तर शिव्या द्यायची गरज नसे. तोंड फिरवलं की संपलं. समोरचं माणूस त्या क्षणी मुकं होतं. त्याच्याहून मोठा अपमान खात्यात दुसरा नव्हता.

लेकही त्याच खात्यात लागली होती. पोरगी कामाला चलाख, पण झोपेची भारी. बसच्या रांगेत उभ्या उभ्या पेंगायची. मावशीनेच तिचं नाव 'झोपाळू' पाडलं आणि खात्यात पसरवलंही तिनेच, अगदी कौतुकाने. त्या कौतुकाचा काटा आता तिला सलत होता. कारण सुताच्या गोदामाला आग लागली, पोरगी आत गुदमरून गेली, आणि मुकादमाने जबाब दिला की, "साहेब, तिला सगळे झोपाळूच म्हणायचे. डुलकी काढायला आतून कडी लावून घेतली असणार. मी काय करू?"

खरी गोष्ट गोदामाच्या दाराशी होती. सूत चोरीला जातं असा संशय धरून मुकादम आत गेलेल्या बाईला बाहेरून कुलूप लावायचा आणि किल्ली खिशात टाकून फिरायला जायचा. तोंडावर कोण बोलणार? त्या दिवशीही त्याने लावलं, असं खात्यातल्या बारकीने पोलिसांना सांगितलं होतं. धुरात दार फोडताना कुणी नीट पाहिलं नाही आणि त्या गडबडीत कुलूप गायब झालं. आतली कडी जळून उखडून पडली होती. ती लावलेली होती की नाही, देव जाणे. उरली ती बारकी. तिचा एकटीचा माग गोदामाच्या दाराकडे तोंड करून होता.

बारकी म्हणजे लेकीची जिवाभावाची मैत्रीण. अंगाने काडी, म्हणून बारकी. दोघी एका डब्यात जेवायच्या. पण आग लागल्यापासून ती मावशीला टाळत होती. पोलिसांना काय सांगितलं ते मावशीला सरकारी वकीलबाईंकडून कळलं, बारकीच्या तोंडून नाही. मुकादम जामिनावर सुटून कामावर परत आला होता, बारकीचा नवरा अजून त्याच्याच हाताखाली होता आणि घरात दोन लहानगी होती. मावशीला ते कळत नव्हतं असं नाही. पण कळणं वेगळं आणि पचणं वेगळं.

"ती घाबरलेली आहे," वकीलबाई मावशीला म्हणाल्या होत्या. "तुम्ही तिच्या नजरेसमोर बसा. काही करू नका, नुसत्या बसा. तुमचा चेहरा दिसला की तिला धीर येईल. सगळी भिस्त तिच्यावर आहे."

मावशीला मुकादमाला फाशी हवी होती का? रागाच्या भरात ती तसं म्हणायची खरी. पण तिला खरं हवं होतं ते एवढंच, की भरल्या कोर्टात, सगळ्यांसमोर, कुणीतरी मोठ्याने म्हणावं की माझी पोर झोपली नव्हती. तिने काही चूक केली नाही. आणि ते लिहिलं जावं.

शेजारणी-पाजारणी वेगळंच समजावत. "अगं, झोपेत गेली असेल तर सुटली बिचारी. त्रास तरी झाला नाही." चांगल्या मनाने म्हणायच्या. मावशीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मरणाचा दोष पोरीच्या डोक्यावर थापायचा आणि वर तो तिच्यावर उपकार म्हणून सांगायचा!

न्यायाधीश आले. सगळे उभे राहिले. भावोजींचे बूट चुंई करून ओरडले आणि पुढच्या बाकावरची एक बाई खुदकन हसली. शिपायाने नुसतं पाहिलं, ती गप्प झाली. मावशीने हात मांडीखाली दाबून धरले. दोन्ही, अगदी घट्ट.

मुकादम आरोपीच्या जागी बसला होता. मिशी काढून आला होता बेटा! मावशीला आधी ओळखूच आला नाही. इस्त्रीचा शर्ट, खाली घातलेली मान, कुणाच्या तरी काकासारखा दिसत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बारकी साक्षीला उभी राहिली. शपथ घेताना तिचा आवाज इतका बारीक निघाला की न्यायाधीशांनी तिला दोनदा मोठ्याने बोलायला सांगितलं. मावशीला ऐकू येण्याची गरज नव्हती, ओठ दिसत होते. वकीलबाईंनी सावकाश, एकेक पायरी उतरल्यासारखे प्रश्न विचारले. माग कुठे होता? तिथून काय दिसायचं? त्या दिवशी गोदामात कोण गेलं? बारकी उत्तरं देत गेली. मधूनच तिची नजर प्रेक्षकांत फिरली, मावशीवर थांबली आणि तिचे खांदे जरा खाली आले. वकीलबाई म्हणाल्या ते खरं होतं. मावशीच्या जिवात जीव आला.

"ती आत गेल्यावर आरोपीने काय केलं?"

"मुकादमांनी दार ओढलं," बारकी म्हणाली. "आणि..."

तेव्हा मुकादमाचा हात वर गेला. घाई नाही, गडबड नाही. दोन बोटांत त्याने कानाची पाळी धरली आणि खाली ओढली. गप्प. मी बघतोय.

खुणा बायकांनी केल्या होत्या, याच्यापासून लपायला. आणि हा मेला त्या शिकून बसला होता! भरलेल्या कोर्टात कुणाला काही दिसलं नाही. कान खाजवणाऱ्या माणसाकडे कोण बघतं? पण बारकीला दिसलं. तिचं तोंड उघडंच राहिलं आणि त्यातून शब्द येईना.

"आणि काय?" वकीलबाईंनी विचारलं.

बारकीने मावशीकडे पाहिलं. खात्यात नवी आलेली असताना दोरा तुटला की अशीच बघायची, मावशी, आता काय करू?

मावशीचे हात मांडीखाली होते. ते बाहेर कधी आले, तिला ठाऊक नाही. पुढे तिने शंभरदा आठवून पाहिलं, पण तो क्षण काही सापडला नाही. मूठ वळली, छातीशी आली आणि पुढे गेली. एकदा, आणि पुन्हा एकदा. सोड माग, चालू दे.

"आणि कुलूप लावलं," बारकी म्हणाली. स्पष्ट, खणखणीत. "बाहेरून. किल्ली खिशात टाकली."

झालं! म्हणाली! मावशीच्या डोळ्यांना धार लागली. भावोजींनी तिचं मनगट धरलं, तेव्हा कुठे आपली मूठ अजून हवेत आहे हे तिला कळलं.

आरोपीचा वकील तोवर उभा राहिला होता. मघापासून हा माणूस साक्षीदाराकडे नाही, प्रेक्षकांकडेच बघत होता. "साहेब, मागच्या बाकावरच्या त्या बाईंनी साक्षीदाराला खूण केली. उत्तर खुणेनंतर आलं, आधी नाही. सगळ्यांनी पाहिलंय."

आणि खरंच सगळ्यांनी पाहिलं होतं. मागाचा दांडा ढकलणारी मूठ ती, लपणार कशी?

न्यायाधीशांनी बारकीला विचारलं, "त्या खुणेचा अर्थ काय?"

बारकी खोटं बोलायला शिकली नव्हती. निदान तोवर तरी नाही. "चालू कर, असा."

"म्हणजे बोल, असं?"

"हो."

"त्याने आधी केली!" मावशी ताडकन उठली. तिचा आवाज मागांच्या गोंगाटाला सरावलेला, त्या एवढ्याशा खोलीत फुटल्यासारखा झाला. "त्याने कान ओढला! विचारा त्याला! कान ओढला की काय होतं विचारा!"

"बाई, खाली बसा."

"तिला गप्प केलं त्याने, तुमच्या डोळ्यांदेखत!"

मुकादम हात जोडून उभा राहिला होता. "खाज सुटली होती, साहेब," तो म्हणाला, इतक्या गरीब आवाजात की एखाद्याला दया यावी.

वकीलबाईंनी शेवटचा प्रयत्न केला. त्या बारकीकडे वळल्या. "कान ओढणं ही तुमच्या खात्यातली खूण आहे का?"

बारकी मुकादमाकडे बघत राहिली. तो आता काहीच करत नव्हता, नुसता बघत होता. नोकरी देणारा, नवऱ्याची पाळी ठरवणारा, घर कुठल्या गल्लीत आहे ते जाणणारा माणूस जसा बघतो तसा.

"कान," बारकी म्हणाली, "कान म्हणजे... कानच."

न्यायाधीशांनाही ते रुचलं नसावं, पण करणार काय? ते उत्तर नोंदीतून काढायला त्यांनी सांगितलं. प्रश्न पुन्हा विचारला जाईल म्हणाले. आणि मागच्या बाकावरच्या बाईंना बाहेर न्या.

शिपाई आला. त्याने दंडाला धरलं नाही, नुसता हात पुढे केला. "सांगितलं होतं ना, बाई," तो हळूच म्हणाला. रागावून नाही. त्यामुळे मावशीला जास्तच लागलं.

भावोजी उठायला लागले. "तुम्ही बसा," ती म्हणाली. "कुणीतरी आपलं बसायला हवं."

बाहेरच्या पॅसेजमध्ये बाक होतं, पण ती बसली नाही. दाराला वरच्या भागात वहीएवढी काच होती. जाड काच, आतलं अक्षरही बाहेर येत नव्हतं. मावशी काचेला नाक लावून उभी राहिली. शिपायाने एकदा पाहिलं, आणि मग भिंतीवरचं घड्याळ बघत बसला.

आवाज नाही, नुसते ओठ. आयुष्यभर तिने असंच ऐकलं होतं. वकीलबाईंचे ओठ हलले. प्रश्न तोच होता. बारकीची नजर मागच्या बाकाकडे गेली, जिथे मावशी बसली होती. तिथे आता नुसते भावोजी होते, बूट हलू नयेत म्हणून काठीसारखे ताठ.

बारकीचे ओठ हलले. मला नाही आठवत.

वकीलबाईंनी परत विचारलं. पोलिसांना दिलेला जबाब वाचून दाखवला असावा.

घाबरले होते तेव्हा. नाही आठवत. दाराकडे लक्ष नव्हतं.

मावशीने ते दोन्ही वेळा वाचलं. वाचायचं नसलं तरी डोळे वाचतात, खात्यातल्या माणसाची ही खोडच असते. तिच्या मनात आलं, आपण हात मांडीखाली दाबून तसेच बसून राहिलो असतो, तर? कदाचित पोर स्वतःहून बोलली असती. कदाचित नसती. पण निदान कुलूप लावलं हे शब्द आपल्याच मुठीने उचलून फेकले नसते. हे आता तिला जन्मभर पुरणार होतं.

साक्ष संपली. बारकी वळली आणि दाराकडे यायला निघाली. आणि तिला काच दिसली, काचेत मावशी दिसली.

शेवटच्या बाकाच्या मागे येऊन ती थांबली. तिची पाठ न्यायाधीशांकडे होती, मुकादमाकडे होती, सगळ्या कोर्टाकडे होती. पर्स पोटाशी धरलेली. त्या पर्सच्या आडून तिचे हात हलायला लागले.

दोन तळवे जुळले. दार. मग मनगट फिरलं, किल्लीसारखं. अंगठा खांद्यावरून मागे गेला. बाहेरून. ओठाच्या वर बोटं फिरली, नसलेली मिशी पिळत. त्याने.

ठाऊक आहे, मावशीला म्हणावंसं वाटलं. ते ठाऊक आहे गं. तोंडाने का नाही म्हणालीस, सटवे?

पण हात थांबले नव्हते. एक बोट डोळ्याखाली टेकलं आणि पापणी वर उचलल्यासारखं झालं. जागी. जागी होती. मग बारकीने मूठ वळली. ही मूठ चालू कर म्हणणारी नव्हती. ही छातीसमोर, हवेत आपटत होती. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. मग दोन्ही तळवे जुळून थरथरले. दार हलत होतं. ती वाजवत होती. मागांच्या गोंगाटात कुणालाच ऐकू आलं नाही, पण दार हलताना मला दिसत होतं. बारकीचे डोळे वाहत होते आणि हात सांगतच होते. मी धावले. किल्ली मागितली. तो म्हणाला, आधी तुझा माग बघ.

बारकीने हे पोलिसांना सांगितलं नव्हतं, वकीलबाईंना सांगितलं नव्हतं. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि आता कधी लिहिलं जाणारही नव्हतं. लेक झोपली नव्हती, हे जगात कुणीतरी आपल्याला तोंडावर सांगावं म्हणून मावशी इतके महिने जिवंत राहिली होती. मिळालं तिला. पोर जागी होती. शेवटपर्यंत जागी होती आणि मुठी आपटत होती, आणि तिची आई त्याच खात्यात, दाराकडे पाठ करून, आपला माग चालवत होती.

"बाई," शिपाई मागून म्हणाला, "तुमचा बिल्ला."

काचेपलीकडे बारकी अजून बोलत होती. मावशीने तोंड फिरवलं आणि बिल्ला घेण्यासाठी हात पुढे केला.